तुम्ही शून्य धरा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, माझ्या घराच्या, माझ्याच पैशांनी पडलेल्या स्लॅबवर एका माणसानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही शून्य धरा."

मी धरलं. उकिडवा बसलो, टेपचा पत्र्याचा आकडा स्लॅबच्या काठाला अडकवला आणि बसून राहिलो. स्लॅबवर पाणी मारण्यासाठी केलेली आळी अजून भरलेली होती, त्यामुळे मी स्लॅबवर कमी आणि पाण्यात जास्त होतो. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी विचारलं, "काय, मापं का?" त्यांना मान हलवून हो म्हणालो. बत्तीस फुटांवर, पलीकडच्या काठाशी, तो माणूस आकडा ओरडून सांगत होता आणि मधे उभा असलेला ठेकेदार वहीत लिहीत होता. "एकतीस नऊ! बत्तीस धरा!" मी दरवेळी "बरं" म्हणत होतो. का म्हणत होतो, देव जाणे. मला कुणी विचारत नव्हतं.

चाळीस मिनिटं हे चाललं. त्या चाळीस मिनिटांत जे डोक्यात आलं नाही ते सोमवारी अंघोळ करताना आलं. शून्य धरणाऱ्याला आकडा दिसत नाही.

आता पहिली गोष्ट. माझ्याकडे करार होता. ही हकिगत ज्याला ज्याला सांगितली त्यानं डोळे बारीक करून "लेखी नव्हतं का काही?" असंच विचारलं, म्हणून आधीच सांगून टाकतो. होतं. अकरा पानं होतं. पाचशेच्या बाँडवर होतं. शंभर-दोनशेच्या बाँडवर भागणारी कामं महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेवर गेली, तेव्हा मला उलट बरंच वाटलं होतं. म्हटलं, कागदाला तेवढंच वजन. नोटरीचा गोल शिक्का होता. दोन साक्षीदार होते. आणि त्या अकरा पानांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, कारण मी पोटासाठी मुद्रितशोधन करतो. लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनानं दुरुस्त करणं हा माझा धंदा. वकिलाचे पैसे वाचवायचे म्हणून मसुदा मीच केला होता. कुठल्याशा भल्यामोठ्या पुलाच्या कामाचा इंग्रजी करार हाती लागला, तो समोर ठेवून सुंदर मराठी उतरवली. इतकी सुंदर, की वाचताना माझे मलाच डोळे भरून आले.

त्या करारात युद्धाची सोय होती. शत्रुराष्ट्राचं आक्रमण, नागरी बंडाळी, भूकंप, चक्रीवादळ, आण्विक किरणोत्सर्ग आणि साहित्य वाहून आणणारं जहाज बुडणं, या सगळ्या प्रसंगी कोणी काय करायचं ते ठरलेलं होतं. आमची खडी ट्रॅक्टरनं येते. पण जहाज कशाला सोडा, म्हणून मी ते ठेवलं. उशीर झाल्यास दर दिवसाला दंड होता. अखेरच्या बिलातून पाच टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवायची होती. गळती, तडे, सगळं होतं. आणि चौथ्या पानावर, ठळक अक्षरात, हे होतं: 'मजुरी दर : प्रति चौरस फूट रुपये अमुक.' (आकडा सांगत नाही. ज्याला सांगितला तो "फसवलं तुम्हाला" असं म्हणतो आणि त्याच्या मेव्हण्याला काय दर मिळाला ते सांगतो.)

कुठला चौरस फूट, ते नव्हतं.

मला तेव्हा वाटलं होतं, चौरस फूट म्हणजे चौरस फूट. एक फूट लांब, एक फूट रुंद. शाळेत हेच शिकवलं होतं. बांधकामात चौरस फूट ही मोजायची नव्हे, मानायची गोष्ट आहे, हे मला मामांनी शिकवलं.

मामा म्हणजे शून्याच्या समोरच्या टोकाला उभा असलेला तो माणूस. ते कुणाचे मामा, हे पाया खणल्यापासून आजतागायत मला कळलेलं नाही. ठेकेदार त्यांना मामा म्हणतो, सेंटरिंगवाला मामा म्हणतो, सळया बांधणारी परप्रांतीय पोरंही मामाच म्हणतात. ते काम करत नाहीत. कधी करताना दिसलेले नाहीत. ते सिमेंटच्या पोत्यांच्या थप्पीवर बसतात आणि निकाल देतात. कॉलमला किती रिंगा, मिक्सर कुठं लावायचा, आज पाऊस येणार का, पलीकडच्या गल्लीतल्या लग्नाचं पुढं काय होणार, सगळ्याचा निकाल. अपील नाही. अंगात पांढरा शर्ट, खिशात सुताराची लाल-निळी चपटी पेन्सिल, आणि चष्मा कायम घरी विसरलेला.

मोजणी झाल्यावर ठेकेदारानं वही मामांकडे दिली. मामांनी ती हातभर लांब धरून पाहिली आणि मला म्हणाले, "सतराशे."

"काय सतराशे?"

"फूट, सर. चौरस."

मी त्या दिवशी भिजलेल्या पँटनिशी उभा होतो, पण गणित येतं मला. बत्तीस बाय तीस. नऊशे साठ. त्यात जिन्याच्या जागी सात बाय बाराचं भोक, म्हणजे चौऱ्याऐंशी वजा. जिना धरला तर चौऱ्याऐंशी परत अधिक. पुन्हा नऊशे साठ. मी हे सगळं बोटांवर करून दाखवलं.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जिना डबल असतो."

"डबल म्हणजे?"

"डबल म्हणजे दोनदा, सर." आवाजात कणव होती. शिकलेल्या माणसाला असं काही समजावून सांगावं लागतं तेव्हा वापरायचा आवाज.

"अहो मामा, जिना एकच आहे. हा काय, समोर आहे."

"एकच आहे. पण चढायला एक, उतरायला एक."

ठेकेदार फोनवर बोलत बाजूला सरकला. हा मुलगा वाईट नाही. पण त्याला फोन कधी येतो ते मी आता ओळखायला शिकलोय.

"बरं, मग भोक तरी वजा करा. तिथं स्लॅब नाहीच."

"भोक कुणी केलं?"

"तुम्ही."

"मग भोकाची मजुरी कोण देणार?" मामा थप्पीवरून उठले. ते उठणं दुर्मिळ असतं. सळया बांधणारी पोरं काम थांबवून बघायला लागली. "सर, भरीव स्लॅबला काय लागतं? माल ओतला, पसरला, व्हायब्रेटर मारला, झालं. भोकाला चारी बाजूंनी फळी उभी करावी लागते. माल आत जाऊ नये म्हणून राखण लागते. भोक म्हणजे कष्ट. स्लॅब काय, स्लॅब कुणीही टाकतंय."

मला यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

"आणि छज्जे?" मी विचारलं. छज्जा दोन फूट रुंद, सगळे मिळून सेहेचाळीस फूट लांब, म्हणजे ब्याण्णव चौरस फूट त्यांनी धरले होते. "छज्जा काय राहायची जागा आहे का? तो हवेत आहे."

"हवेत आहे म्हणूनच की. जमिनीवर असता तर फुकट करून दिला असता."

"आणि प्लिंथचे, म्हणजे जोत्याचे, चारशे ऐंशी कुठून आले?"

"प्लिंथ अर्धा धरतात."

"अर्धा का?"

"पूर्ण लावला तर तुम्हाला झेपायचं नाही, सर."

आता मी चिडलो. चिडलो की मी कागद काढतो, हा माझा स्वभावदोष. पिशवीतून अकरा पानी करार काढला. मामा म्हणाले, चष्मा नाही, वाचून दाखवा. मग मी वाचायला लागलो. भर उन्हात, आळ्यातल्या पाण्यात उभा राहून, आक्रमणापासून बंडाळीपर्यंत, मोठ्यानं. मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पोथी ऐकताना बसतात तसे ते थप्पीवर मांडी घालून बसले. मधे मधे मान डोलवत होते. सळयांची पोरंही येऊन बसली, त्यांना मराठी येत नसताना.

"किरणोत्सर्ग म्हणजे?" मामांनी एकदा विचारलं.

"अणुबाँबची किरणं."

"मग काम बंद ठेवायचं. बरोबर लिहिलंय." थोडं थांबून, "आणि बंडाळी?"

"दंगल."

"हां. पोरं गावाला पळतात दंगलीत. तेही बरोबर." मी नवव्या पानापर्यंत गेलो. दोष दायित्व कालावधी. मामांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी पुन्हा म्हणायला लावला. सगळं संपल्यावर त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "लई चांगलं लिहिलंय. पण सर, यात जिना कुठं आला?"

यात जिना नव्हता. अणुबाँब होता, जिना नव्हता.

मी बाजूला जाऊन वकील मित्राला फोन लावला. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे दया दाखवत नाही. त्यानं कलम वाचून दाखवायला सांगितलं. दाखवलं. मग म्हणाला, "मसुदा कुणाचा?"

"माझा."

पलीकडे शांतता. मग हसू. हसून झाल्यावर त्यानं मला कॉन्ट्रा प्रोफेरेंटम नावाचं तत्त्व समजावलं. लॅटिन आहे, पण अर्थ सोपा आहे: करारातलं एखादं कलम संदिग्ध निघालं आणि दोन्ही अर्थ लागू शकत असले, तर ते ज्यानं लिहिलं त्याच्या विरुद्ध वाचायचं. म्हणजे ठेकेदारानं सिमेंटच्या पोत्यावर चार ओळी खरडून दिल्या असत्या, तर त्यातली संदिग्धता त्याच्या अंगावर गेली असती. मी वकिलाचे पैसे वाचवले, शुद्ध मराठीत लिहिलं आणि संदिग्धता स्वतःच्या अंगावर घेतली. "तू बिनचूक चुकलायस," तो म्हणाला. वाक्य बरं होतं, पण त्याला माझ्या धंद्यावर विनोद करायला मी फोन केला नव्हता.

"पण जिना डबल, हे कुठल्या कायद्यात आहे?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही. रिवाज आहे. पण तुझा मामा हुशार आहे. करार कायदा १८७२, कलम ७०. एखाद्यानं फुकट करायचा इरादा नसताना तुझ्यासाठी काही केलं आणि तू त्याचा लाभ घेतलास, तर मोबदला द्यावा लागतो. करारात दर ठरलेला असेल तिथं हे कलम सरळ चालत नाही. पण 'हे काम करारात धरलेलंच नव्हतं, जास्तीचं केलं' म्हणणारा ठेकेदार हेच पुढं करतो. आता बोल, तू जिना वापरणार ना?"

मी म्हटलं, वापरणार. वरती काय उडत जाऊ?

"मग."

इथं जरा विषय सोडून बोलतो, कारण राग आहे. मला फ्लॅट घेणाऱ्यांचा हेवा वाटतो. त्यांनाही बिल्डर छळतो, मान्य. पण त्यांच्यासाठी २०१६ साली रेरा कायदा झाला आणि त्यात कार्पेट एरिया म्हणजे काय ते एकदाचं लिहून टाकलं: बाहेरच्या भिंती वगळून, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून. दहा टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे तर आधी करार नोंदवावा लागतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधी विचार करून ठेवलाय. स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी मजुरीनं घर बांधणाऱ्याला यातलं काही नाही. विकायला बांधत नाही, म्हणून रेरा नाही. त्याला मामा आहेत.

ग्राहक आयोग आहे, हे खरं. घरबांधणी ही 'सेवा' आहे असं ग्राहक संरक्षण कायद्यात स्वच्छ लिहिलंय, २०१९च्या नव्या कायद्यातही. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. मी हे सगळं त्याच रात्री वाचलं. वाचून इतका धीर आला, की बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षं आहेत ना? मग सकाळी सांग." मग कूस बदलून म्हणाली, "आणि वरचा मजला कोण बांधणार तोपर्यंत, आयोग?"

हाच सगळा घोळ आहे. ठेकेदाराशी भांडायला कायद्यानं तुम्हाला दोन वर्षं दिलीत आणि पावसानं पाच आठवडे. स्लॅबखाली त्याच्या फळ्या आणि टेकू उभे आहेत. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, म्हणतं की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी काढावेत. आमच्याकडे ते कधी निघणार, हे दुसरीकडच्या कामाला फळ्या कधी लागतात यावर आहे. तुम्ही आवाज चढवला की दुसऱ्या दिवशी पोरं येत नाहीत. पोरं आजारी पडतात, सगळी एकदम. उचल म्हणून दिलेले पैसे आधीच कामापेक्षा पुढं गेलेले असतात. दुसऱ्या ठेकेदाराकडे जावं, तर तो येतो, कॉलमवर दोन थापा मारतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "दुसऱ्याच्या कामात आपण हात घालत नाही." हे मी ऐकलंय, दोघांकडून, शब्दाला शब्द. मग राहतं काय? दर दिवसाच्या दंडाचं माझं लाडकं कलम होतं, ते मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, करार कायद्याचंच कलम ७४. दंड लिहिला म्हणून तेवढा मिळतोच असं नाही, कोर्ट वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं, फार तर तू लिहिलेल्या आकड्यापर्यंत. शिवाय कोर्टात जावं लागतं. शिवाय उशीर का झाला ते विचारतात. तुम्ही बाथरूमची भिंत दोनदा हलवली होती का, असंही विचारतात. बाथरूमची भिंत आम्ही तीनदा हलवली होती.

आणि लोक म्हणतात, "सगळं लेखी घ्या." घेतलं की! अकरा पानं घेतलं. कुणीतरी एकानं, फक्त एकानं, मला आधी सांगायला हवं होतं की त्या अकरा पानांपेक्षा एक ओळ पुरली असती: 'मोजणी आयएस १२००प्रमाणे, जिना एकदा, उघडी जागा वजा.' भारतीय मानक ब्यूरोनं बांधकाम कसं मोजायचं यावर भागामागून भाग काढून ठेवलेत. विटा कशा मोजायच्या, काँक्रीट कसं, गिलावा कसा. इमारतीचं क्षेत्रफळ कसं धरायचं यासाठी आयएस ३८६१ वेगळं. आणि इथं मी जहाज बुडवत बसलो होतो.

तर भोकाच्या बाबतीत मामांना खोटं पाडायचं म्हणून मी आयएस १२०० उघडलं. स्लॅबपुरता मी बरोबर निघालो: अगदी चिल्लर भोकं सोडून द्यायची, जिन्याएवढं भोक वजा व्हायलाच हवं. आनंदानं उडी मारली. पण पुढं गिलाव्याचा भाग होता. तिथं अर्ध्या चौरस मीटरपेक्षा मोठं आणि तीन चौरस मीटरपर्यंतचं दार-खिडकीचं भोक असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर वजाबाकी एकाच बाजूची करतात. दुसऱ्या बाजूचं भोक गिलावा केल्यासारखं मोजतात, कारण भोकाच्या कडांना, त्या गालांना, जो गिलावा लागतो तो वेगळा मोजायचा नाही. म्हणजे काय? म्हणजे चार बाय चारच्या माझ्या खिडकीत जी हवा आहे, त्या हवेला गिलावा केल्याचे पैसे मी देणार आणि तसं मानकात लिहिलेलं आहे. भोक म्हणजे कष्ट. मामा चष्म्याशिवाय आयएस १२००पर्यंत पोचले होते.

बुधवारी संध्याकाळी आम्ही परत साईटवर जमलो. मी आणि ठेकेदार, मामा होतेच. मी म्हटलं, करारात लवादाचं कलम आहे, उभय पक्षांना मान्य असा तिऱ्हाईत नेमू. ठेकेदार म्हणाला, "मामा आहेत की." मी म्हटलं, मामा तुमचे. मामा म्हणाले, "मी सगळ्यांचा."

मी पुन्हा मित्राला फोन लावला. लवाद कायदा १९९६चा आहे. त्यात २०१५ साली सातवं परिशिष्ट आलं. पक्षाशी कुठली नाती असलेला माणूस लवाद चालत नाही, त्याची ती यादी. जवळचा नातेवाईक चालत नाही. मी म्हटलं, संपलं, मामा बाद. तो म्हणाला, थांब. खाली खुलासा आहे. जवळचा नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, जोडीदार, भाऊ-बहीण, आई-बाप, मूल. एवढंच. मामा नाही. ज्या देशात मामा लग्नं मोडतो आणि जुळवतो, त्या देशाच्या कायद्यात तो जवळचा नातेवाईक नाही! "पण पहिल्याच ओळीत नोकर, सल्लागार किंवा धंद्याचा संबंध असलेलाही बाद आहे," मित्र म्हणाला. "मामा ठेकेदाराचे सल्लागार आहेत का?" मी फोनवर हात ठेवून मामांना विचारलं, मामा, तुम्ही यांचे सल्लागार का?

मामा दुखावले. "आजवर पाच पैसे घेतले नाहीत सल्ल्याचे," ते म्हणाले. "आणि ऐकतोय कोण?"

एवढ्यात अंधार पडायला लागला. डास आले. ठेकेदाराचा फोन वाजत होता आणि पहिल्यांदाच तो उचलत नव्हता, म्हणजे त्यालाही घरी जायचं होतं. मामांनी एक रिकामं सिमेंटचं पोतं फाडलं, आतली कागदी बाजू वर केली, मांडीवर ठेवली आणि खिशातली चपटी पेन्सिल काढून लिहायला लागले. चष्म्याशिवाय. प्रत्येक ओळ आधी मोठ्यानं म्हणायचे, मग लिहायचे. जिना डबल नाही, अडीच आहे असं लिहितात की काय, म्हणून मी वाकून बघत होतो. पण नाही. जिना दीडपट. भोक वजा नाही. छज्जा निम्मा. प्लिंथ पाव. गिलाव्याच्या वेळी खिडकी एका बाजूनं वजा. ("हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. "अशीच पद्धत आहे," मामा म्हणाले.) पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, धावत्या फुटावर, दर नंतर. मी मनात बेरीज केली. नऊशे साठ अधिक एकशे सव्वीस अधिक सेहेचाळीस अधिक दोनशे चाळीस. एक हजार तीनशे बहात्तर. सतराशेवरून खाली आले होते, पण माझ्या नऊशे साठवर चारशे बारा बसले होते आणि ते चारशे बारा फूट मला घरात कुठंही दिसणार नाहीत.

शेवटी मामा थांबले, विचार केला आणि आणखी एक ओळ घातली. ती त्यांनी मोठ्यानं म्हटली नाही. मी वाचली: 'टेपचे शुन्य मालकानी धरावे.'

"हे कशाला?"

"तुम्ही नीट धरता, सर. हलवत नाही. मागच्या साईटचे मालक सारखे उठून आकडा बघायला यायचे, टेप सुटायची."

ही स्तुती होती की काय होतं, मला ठरवता आलं नाही. तो कागद त्यांनी माझ्याकडे दिला. आणि खरं सांगतो, करार म्हणून तो कागद माझ्या अकरा पानांपेक्षा चांगला होता. प्रत्येक ओळीत भांडणाचं एकेक नेमकं ठिकाण होतं. युद्ध नव्हतं. फक्त 'जीना' दीर्घ होता, 'छजा'ला एक ज कमी होता, 'प्लींथ' होतं, 'शुन्य' ऱ्हस्व होतं. मला अशा कागदावर सही करता येत नाही. माझा हात वळत नाही. मी खिशातलं लाल पेन काढलं आणि सहा ठिकाणी दुरुस्त्या केल्या, समासात खुणा केल्या, एका ओळीत वाक्यरचना जरा सरळ केली, 'दर नंतर'च्या जागी 'दर नंतर ठरवण्यात येईल' असं केलं. मामा कौतुकानं बघत होते. मग तिघांनी सह्या केल्या.

घरी येऊन मी त्या पोत्याचा फोटो मित्राला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ तो काहीतरी टाईप करत होता, थांबत होता, परत करत होता.

मग आलं: "कागद चांगला आहे. लाल अक्षर कुणाचं?"